पुढच्या चाकांची ओढ

हलसूर, बंगळूर
२८ ऑगस्ट १९९७

चि. गिरीराज यास रत्नाक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सतरा दिवसांनी पोचलं. पाच पानं, त्यातली साडेचार गाडीवर! बायकोला दोन ओळी, अप्पांना एक नमस्कार आणि मला कामांची यादी. टायरची हवा बघ, कव्हर ओलं राहू देऊ नको, दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेव. अरे शहाण्या, मी शाळेत भूगोल शिकवते, तुझ्या गॅरेजात नोकरीला नाही.

आता एक सांगते, रागावू नकोस. तुझी ती जपानी घोडी नुसती उभी नाही, ती धावते. तुझी बायको रम्या चालवते. मला शपथ घातली होती सांगू नका म्हणून, पण माझ्या पोटात काही राहत नाही हे तुला ठाऊकच आहे. गेल्या मंगळवारी शाळा सुटायला आणि पाऊस कोसळायला एकच गाठ पडली. रम्या मला न्यायला इंदिरानगरात आली. मी बसले आणि तिथंच चुकले. जुन्या मद्रास रस्त्यावर पुढच्या बसनं कचकन ब्रेक मारला. रम्यानं स्टिअरिंग फिरवलं. रस्ताभर लाल चिखल, बाजूला दोन स्कूटरवाले घसरून पडलेले, आणि ही बया तिळभरही सरकली नाही. वळली, निघाली. मी डोळे उघडले तेव्हा हलसूरचं तळं आलं होतं. रम्या हसत होती, मी मात्र घरी येऊन आधी देवापुढं दिवा लावला. एवढ्या वेगाची वस्तू माणसानं दारात बांधू नये रे. मला तिची भीतीच वाटते.

दुसरं. परवा बाजारात बसवंताची बायको पद्मावती भेटली. मला बघून मान फिरवून गेली. एप्रिलपासून हे असंच चाललंय. वीस वर्षं ज्या मेस्त्रीनं आपली लॉरी सांभाळली, अँबेसिडर सांभाळली, त्याच्याशी बोलणं नाही म्हणजे काय! बसवंत आता काठी घेऊन चालतो. अप्पांचं एकच पालुपद, "पिऊन काम करत होता, जॅक नीट लावला नाही, पाय मोडून घेतला आणि वर माझ्या मुलावर आळ घेतो." मी तर बसवंताला कधी प्यालेलं बघितलं नाही. पण तू तिथं होतास, तुलाच ठाऊक.

अँबेसिडर विकल्यापासूनची ही पहिली खंडेनवमी. दहा ऑक्टोबरला आहे. अप्पा म्हणतात, यंदा घोडीचं चाक फिरवायचं. रजा मिळते का बघ.

तुझी,
अक्का

किन्नौर (हिमाचल)
८ सप्टेंबर १९९७

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून मला दरदरून घाम फुटला, आणि इथं आत्ता अंगावर दोन स्वेटर आहेत. रम्याला म्हणावं, किल्ली अप्पांकडे दे. ती गाडी दिसते तशी नाही. सुरुवातीला गरीब वाटते, मग टर्बो जागा होतो आणि मागून कुणीतरी ढकलल्यासारखी सुटते. ते डॉक्टर सिंगापूरहून ती घेऊन आले आणि वर्षभरात घाबरून मला विकून टाकली, ते उगाच नाही.

तू म्हणतेस ती चिखलात घसरली नाही. कशी घसरेल? अँबेसिडरला इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना जायची. पुढची दोन नुसती वळायला. हिच्या चारही चाकांना ताकद जाते, चारही ओढतात. सकाळी साडेपाचला होसूर रस्त्यानं इलेक्ट्रॉनिक सिटी मागे टाकून मी आनेकलच्या वाटेला लागायचो, तेव्हा त्या वळणावर ती जमिनीला अशी धरून जायची की गाणं म्हणावंसं वाटायचं. अक्का, इथं बोगद्यात दिवसभर मशीनचा धुरळा खातो आणि मनात तेच वळण घेत असतो. हसू नकोस.

नवमीचं म्हणशील तर यंदा ते चाक फिरवणं नको. हार घाला, हळदकुंकू लावा, चाकाखाली लिंबू ठेवा, बास. या गाडीखाली जॅक लावायची जागा नाजूक असते, पत्रा वाकेल. अप्पांना नीट समजावून सांग.

बसवंताबद्दल काय लिहू? झालं ते झालं. तो विषय अप्पांजवळ काढू नकोस.

रजा नाही. पुरात पूल गेल्यापासून इथला फोनही मेला आहे. टपाल जीपनं जातं, तेही रस्ता असला तर.

तुझा,
गिरी

हलसूर
१८ सप्टेंबर १९९७

चि. गिरीराज यास आशीर्वाद.

तुझ्या पत्रातलं नवमीचं तेवढं अप्पांना वाचून दाखवलं आणि पस्तावले. "पत्रा वाकेल म्हणे!" एवढंच म्हणाले, आणि जेवताना ताटावरून अर्ध्यात उठले. मी तुझ्यावर चिडले आहे, हे स्पष्ट लिहिते. आजोबांच्या लॉरीपासूनची ही आपल्या घरातली रीत. नवमीला गाडी रस्त्यावर न्यायची नाही, तिला विसावा. पण चाक फिरताना देवीला दिसलं पाहिजे. म्हणून मागची चाकं जॅकवर उचलायची, इंजिन लावून पहिला गिअर टाकायचा, आणि चाकं हवेत फिरत असताना घरच्या सुनेनं समोरून ओवाळायचं. आईनं ओवाळलंय, रम्यानं अँबेसिडरला ओवाळलंय. तुझ्या गाडीला काय सोनं लागलंय?

अप्पांनी सगळी तयारी केली आहे. फणसाच्या लाकडाचे दोन ठोकळे कापून आणले, मागच्या बाजूला खाली लावायला. पुढच्या चाकांसमोर विटा लावणार, म्हणजे हलायचं नावच नको. जॅकची जागा बरोबर हुडकली. लॉरीवाल्याला तू जॅक शिकवतोस होय? गाडी अंगणात आहेच, तोंड देवघराच्या खिडकीकडे. बॉनेट आणि भिंत यांच्यात चार फूट जागा आहे, रम्याला ताट घेऊन उभं राहायला पुरे. ती इरकल नेसणार आहे. गिअर अप्पा स्वतः टाकणार. कित्येक दिवसांनी त्यांना कशात तरी उत्साह वाटतोय, तो मोडू नकोस.

किल्ली मात्र रम्यानं अप्पांना दिली. तुझ्यावर रुसली आहे. "मला भीती वाटत नाही, त्यांनाच वाटते," म्हणाली. स्वल्प गोड शब्दांत लिही तिला, नवरा आहेस ना!

अक्का

किन्नौर
२७ सप्टेंबर १९९७

ती. अक्कास नमस्कार.

घाईत लिहितो, जीप निघते आहे. अप्पा ऐकत नसतील तर निदान एक कर. नवमीला रम्याला घरी ठेवू नकोस. आदल्या दिवशीच तिला आनेकलला माहेरी पाठव. काय वाटेल ते कारण सांग.

मला तिच्याबद्दल फार वाईट स्वप्न पडलं आहे. लागोपाठ दोनदा पडलं. तू असल्या गोष्टी मानतेस, म्हणून तुलाच लिहितो. अप्पांना सांगू नकोस, ते हसतील. पण गाडीसमोर रम्या नको. अक्का, एवढं माझं ऐक, तुझ्या पाया पडतो.

गिरी

किन्नौर
१ ऑक्टोबर १९९७

ती. अक्का,

स्वप्न पडलं नव्हतं. खोटं लिहिलं.

काल चहा पिताना एकाएकी मनात आलं, रम्या नाही तर ताट कोण धरेल? आणि उत्तरही लगेच आलं. तूच धरशील. दुसरं आहे कोण त्या घरात? पेला टाकून तसाच उठलो. आता सगळं लिहितो. वाचून झालं की तशीच उठ आणि अप्पांना वाचून दाखव. दाखवच.

एप्रिलमध्ये बसवंताच्या हातून जॅक घसरला नाही. तो प्यालेलाही नव्हता. गाडीच्या मागून घरघर यायची म्हणून त्यानं मागची चाकं उचलली, पुढे विटा लावल्या, अप्पा करतात अगदी तसंच. मला म्हणाला, "आत बसा आणि गिअर टाका, मी आवाज ऐकतो." मग थांबून त्यानं विचारलं, "हिच्या पुढच्या चाकांना ओढ आहे काय?" आहे, हे मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी गाडी देताना बजावून सांगितलं होतं, दोनच चाकं उचलून कधी गिअर टाकू नका, मागची जरा वेळ मोकळी फिरली की सगळी ताकद पुढच्यांना जाते. पण मला घाई होती आणि मी म्हणालो, "काही होत नाही, तू ऐक." मागची चाकं आधी मोकळी फिरली. छान फिरली. बसवंत पुढे आला, बॉनेटशी वाकला. आणि मग एकदम पुढच्या चाकांनी जमीन पकडली. विटांवरून चढून, जॅक पाडून गाडी सुटली. त्याचा पाय भिंत आणि बंपर यांच्यात सापडला. तो आवाज मी अजून ऐकतो.

बसवंतानं अप्पांना खरं तेच सांगितलं होतं. मी अप्पांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणालो, जॅक घसरला, याच्या तोंडाला वास येत होता. वीस वर्षं आपल्याकडे राबलेल्या माणसाला अप्पांनी माझ्या एका शब्दावर खोटारडा म्हटलं. त्यानंतर माझी जीभ उचलली नाही. ही इतक्या लांबची नोकरी मी त्यासाठीच धरली. त्या गल्लीत काठीचा आवाज आला की मला जेवण जात नव्हतं.

मागच्या पत्रात मी सरळ लिहू शकलो असतो. अप्पांसमोर तोंड काळं होईल म्हणून स्वप्न रचलं. अक्का, मी फार भित्रा माणूस आहे.

तार करायला गेलो, तर तारेचे खांबच दरीत गेलेत. रस्त्यावर परवा दरड आली. आमचा जीपवाला प्राणेश पलीकडच्या गावापर्यंत डोंगरातून चालत निघाला आहे, त्याच्याजवळ हे देतो. तो शिमल्याला टाकेल. आज एक तारीख. नऊ दिवस आहेत. पोचेल. पोचलंच पाहिजे.

गाडीला हात लावू नका. समोर कुणीही उभं राहू नका.

गिरी

हलसूर
८ ऑक्टोबर १९९७

चि. गिरीराज यास आशीर्वाद.

तुझं सत्तावीस तारखेचं पत्र काल आलं. स्वप्नाचं अप्पांना सांगितलं नाही. आज दुपारीच रम्याला आनेकलच्या बसमध्ये बसवून आले. तिच्या आईला गुडघ्याचा त्रास आहे, सणाला हाताशी कुणी नाही, असं सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. रडली पोर. तिला वाटतं, गाडी चालवली म्हणून तू ही शिक्षा केलीस. इरकल काढून ठेवली होती, ती परत घडी करून पेटीत ठेवली. तुझ्यापायी मी वाईट झाले, लक्षात ठेव.

अप्पांनी विचारलं, मग ओवाळणार कोण? मी म्हटलं, मी आहे ना! लेकीनं ओवाळलं तर देवी काय नको म्हणणार आहे? जरा कुरकुरले, मग म्हणाले, सरी, ठीक आहे, तूच कर. तेव्हा तू आता काळजी सोड. तुझं स्वप्न रम्याचं होतं, माझं नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं या घरात टणक राहिलेय मी, मला काय धाड भरते!

खरं सांगायचं तर मलाही त्या गाडीपुढं उभं राहायची थोडी भीती वाटत होती. तिचे ते दिवे बघत असल्यासारखे वाटतात. पण रविवारी अप्पांनी रंगीत तालीम केली. मागची चाकं उचलली, ठोकळे लावले, पुढे विटा लावल्या, गिअर टाकला. क्षणभरच फिरवली आणि बंद केली. अरे, काय गुळगुळीत फिरली म्हणून सांगू! गाडी तसूभर हलली नाही. शेजारचे कृष्णाजी बघायला आले होते, तेही म्हणाले, अँबेसिडरपेक्षा बरी. माझी भीती गेली. परवा मी सबंध आरती म्हणणार आहे, आई म्हणायची तशी, पाचही कडवी. अप्पा तोवर चाक फिरतं ठेवणार आहेत.

कोहळा आणला, झेंडूची दोन गाठोडी आणली. अप्पांनी आज स्वतः गाडी धुतली. वाकता येत नाही तरी खाली बसून चाकांच्या तबकड्या पुसल्या. मला म्हणाले, "गिरीला लिही, तुझी घोडी मी नीट ठेवलीय." ते लिहिते आहे.

नवमी झाली की सविस्तर लिहीन.

तुझी,
अक्का

बंगळूर
१४ ऑक्टोबर १९९७

अहो,

अक्का जिवंत आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचाल. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. उजवा वाचेल असं डॉक्टर म्हणतात.

मी तिथं नव्हते, तुम्ही मला तिथं ठेवलं नाहीत. कृष्णाजींनी सांगितलं ते लिहिते. चाकं छान फिरत होती. अक्कांची दोन कडवी झाली. तिसरं चालू असताना गाडी विटांवर चढली आणि कुणाला काही कळायच्या आत भिंतीला जाऊन भिडली. ताट खिडकीतून देवघरात पडलं. अप्पांना गिअर काढायचं सुचेना, इंजिन धडधडतच होतं. लोक बॉनेट ढकलत होते, गाडी उलट जोर करत होती. आवाज ऐकून बसवंत आला. काठी टाकून लंगडत धावत आला म्हणे. त्यानं खिडकीतून हात घालून किल्ली बंद केली, गिअर काढला, आणि सगळ्यांना कुठं धरायचं ते सांगून गाडी मागे घेतली. अक्कांना त्यानंच उचललं.

अप्पा जमिनीवर बसले होते. त्याला म्हणाले, "बसवंता, जॅक घसरला रे माझ्या हातून." बसवंतानं त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "होय अण्णा. जॅकच घसरला." आणि अप्पांनी सर्वांसमोर त्याचे पाय धरले. "मी तुला प्यालेला म्हटलं, खोटारडा म्हटलं. माझ्या हातूनही तेच झालं बघ," म्हणून रडले.

हे मला कृष्णाजींनी सांगितलं तेव्हा मी बसवंताला मनात नावं ठेवली, की जॅक घसरतो हे ठाऊक असून यानं अप्पांना आधी सावध का केलं नाही. तुमचं एक तारखेचं पत्र काल, सोमवारी आलं. अक्कांच्या नावाचं होतं, मी दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून फोडलं. वाचल्यावर बसवंताचं वागणं कळलं. पाय तर मोडलाच होता, पण गेलेलं नाव परत मिळवायला त्या माणसाला एकच वाक्य बोलायचं होतं, की जॅक नाही, पुढच्या चाकांनी ओढलं. अप्पांकडे बघून त्यानं ते गिळलं.

तुम्ही मला वाचवलंत. ते नको होतं असं म्हटलं तर खोटं होईल, मला जगायचंच आहे. पण रात्रंदिवस अक्कांजवळ बसते आणि त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही. सकाळी त्यांनी डोळे उघडले. मला बघून म्हणाल्या, "तू बरी आहेस ना? त्याचं स्वप्न खोटं पडलं बघ." मी होय म्हटलं. दुसरं काय करणार होते?

तुमचं पत्र माझ्यापाशी आहे. मी ते जाळणार नाही आणि अप्पांना वाचूनही दाखवणार नाही. ते काम माझं नाही. बसवंताचंही नाही. तो दोन वेळा पद्मावतीच्या हातचा डबा घेऊन येतो, अप्पांच्या शेजारी बसतो आणि एक अक्षर बोलत नाही.

मला तुमचा राग आहे आणि तुमची भीतीही वाटते, कारण तुम्ही आता यायचं टाळाल असं मला वाटतं. अप्पा वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेत. भेटायला येईल त्याला, झाडूवाल्यालासुद्धा, हात जोडून सांगतात की माझ्या हातून लेकीचा पाय गेला. नवमीपासून त्यांनी कॉफीखेरीज काही घेतलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात असे फार दिवस निघणार नाहीत.

रस्ता उघडायची वाट बघू नका. चालत या.

रम्या